एक अक्षर बदलतं आणि रक्तपेशीचा विळा होतो

 

साकोलीतल्याच एका ताईची व्हॉइस नोट आली. कॉलेजच्या शिबिरात रक्त तपासलं, रिपोर्टवर लिहून आलं 'सिकलसेल वाहक'. त्रास काहीच नाही. पण घरचे म्हणतात, लग्न जमेपर्यंत तोंड उघडू नको. ताईचा प्रश्न एवढाच: "मी आजारी आहे का?"

नाही, ताई. तू आजारी नाहीस. पण 'नाही' का, हे कळायला पेशीच्या आत जावं लागेल.

सातबारा काढलाय ना कधी? मूळ रेकॉर्ड कार्यालयातच राहतं, आपल्याला मिळते ती नक्कल. पेशीतही तसंच. डीएनए हे मूळ दप्तर, ते पेशीकेंद्रकाबाहेर येत नाही. जे प्रोटीन बनवायचं त्याच्या पानाची नक्कल निघते, तिचं नाव मेसेंजर आरएनए. ती बाहेर येते आणि रायबोसोम नावाच्या यंत्रात शिरते. काम झालं की नक्कल फाडून टाकतात. पेशीला कागद साठवायची सवय नाही.

रायबोसोम ही नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचतो. अक्षरं फक्त चार, त्यामुळे तीन अक्षरी शब्द होतात ६४. त्यातले ६१ शब्द कुठल्या ना कुठल्या अमिनो आम्लासाठी, उरलेले तीन म्हणजे 'थांबा'. अमिनो आम्लं आहेत २०. ट्रान्सफर आरएनए नावाचे छोटे रेणू एकेक आम्ल पाठीवर घेऊन येतात, शब्द जुळला की उतरवतात, आणि साखळी लांबत जाते. ही लिपी उलगडण्यात हरगोविंद खुराना होते, त्यांना १९६८ साली त्यासाठी नोबेल मिळालं. रायबोसोमची रचना दाखवणाऱ्यांत आपले वेंकटरामन रामकृष्णन, नोबेल २००९.

आता आपल्या मुद्द्यावर येऊ. हिमोग्लोबिन हे रक्तातलं ऑक्सिजन वाहून नेणारं प्रोटीन. त्यात चार साखळ्या, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं. हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या कोवळ्या रक्तपेशीत अशी एक साखळी साधारण अर्ध्या मिनिटात तयार होते. सहाव्या जागेचा शब्द आहे 'जीएजी', म्हणजे ग्लुटामिक ॲसिड आणा. सिकलसेलमध्ये मधलं एकच अक्षर बदललंय. नक्कलेत तो शब्द येतो 'जीयूजी', म्हणजे व्हॅलिन आणा. रायबोसोम कुणाला विचारत नाही, की बाबा, हे बरोबर लिहिलंय का? जे लिहिलं ते बनवतो. सातबाऱ्यावर मूळ नोंदच चुकली असेल तर नक्कल शंभरदा काढा, चूक तीच येणार.

एका आम्लाने एवढं काय बिघडतं? ग्लुटामिक ॲसिडला पाणी आवडतं, त्यावर विद्युतभार असतो. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाण्यापासून दूर पळणारं. ऑक्सिजन सोडून मोकळं झालेलं हिमोग्लोबिन मग शेजारच्या हिमोग्लोबिनला चिकटतं, ते पुढच्याला, आणि पेशीत लांब कडक दोर तयार होतात. गोल, लवचिक पेशी ताणून धान कापायच्या विळ्यासारखी होते. बारीक रक्तवाहिनीत अडकते, तिथून ते जीव घेणारं अंगदुखणं. एरवी रक्तपेशी १२० दिवस जगते, ही १०-२० दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी. लोहाच्या कमतरतेमुळे हे होत नाही. त्यामुळे 'रक्त कमी आहे ना, घे आयर्नच्या गोळ्या' हा शेजारधर्म इथे चालत नाही, आधी डॉक्टरांनी तपासू द्या.

वाहकाचं काय? प्रत्येकाकडे या पानाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बाबांकडून. वाहकाची एकच प्रत बदललेली, दुसरी ठणठणीत. दोन्हींवरून नकला निघतात, आणि वाहकाच्या पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन चांगलंच असतं. ते दोर बांधू देत नाही. अगदी टोकाच्या परिस्थितीत क्वचित त्रास होतो, एरवी शेतात रोवणी करा नाहीतर मैदानावर धावा. उलट वाहकाला लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. मलेरियाच्या पट्ट्यात हे अक्षर पिढ्यान् पिढ्या का टिकलं, याचं उत्तर तेच. आपल्या पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत, ते म्हणूनच इतकं दिसतं, आणि एकाच समाजात दिसतं असंही नाही.

म्हणून लपवायचा सल्ला मला पटत नाही. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५०, काहीच नसण्याची २५. 'पहिलं बाळ आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली' असं गणित नसतं, दर वेळी नव्याने चिठ्ठी. एकच जण वाहक असेल तर बाळाला या सिकलसेलचा आजार होत नाही. फक्त जोडीदाराला थॅलेसेमियासारखा हिमोग्लोबिनचा दुसरा दोष आहे का, तेही बघायचं. म्हणजे प्रश्न ताईच्या कार्डाचा नाहीच, दोन कार्डं शेजारी ठेवण्याचा आहे. मुलाची तपासणी न करता मुलीलाच नाकारणं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

एक गंमत सांगतो. आजारी बाळाला पहिले काही महिने त्रासच होत नाही. पोटात असताना बाळ बीटाऐवजी गॅमा साखळी वापरतं, तिचं पान वेगळं, त्यात ही चूक नाही. जन्मानंतर ते पान हळूहळू मिटतं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तेच पान पुन्हा थोडं उघडतं, बऱ्याच रुग्णांचं दुखणं त्याने कमी होतं. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली क्रिस्पर जनुक उपचारपद्धतीही गॅमाचंच पान उघडते. तिची अमेरिकेतली जाहीर किंमत २२ लाख डॉलर, तेव्हा सध्या आपलं लक्ष तपासणीवर.

१ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांची तपासणी ठरली होती. सरकारी दवाखान्यात विचारा. पहिली सोल्युबिलिटी चाचणी थेंबभर रक्ताची. द्रावण गढूळ झालं तर सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. वाहक की रुग्ण, म्हणजे 'एएस' की 'एसएस', हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी सांगते. म्हणून पहिल्या रिपोर्टवर थांबू नका, दुसरी चाचणी मागून घ्या.