परवाना कशाला हवा : बंदूक बाळगायला की विकत घ्यायला?

२०२१ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात दर लाख लोकांमागे ३३.९ माणसे बंदुकीच्या गोळीने मेली. मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच वर्षी हे प्रमाण ३.४ होते. देश एक, राज्यघटना एक, शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्तीही दोन्हीकडे तीच. तरी फरक दहापटीचा. हे आकडे सरकारी रोगनियंत्रण केंद्राचे, म्हणजे सीडीसीचे आहेत आणि लोकसंख्येतल्या वयोगटांचा फरक जमेस धरून काढलेले आहेत. त्या वर्षीची सर्वांत कमी प्रमाणाची पाच राज्ये अशी : मॅसॅच्युसेट्स ३.४, हवाई ४.८, न्यू जर्सी ५.२, न्यूयॉर्क ५.४ आणि ऱ्होड आयलंड ५.६. वरच्या टोकाला मिसिसिपीखालोखाल लुइझियाना २९.१, न्यू मेक्सिको २७.८, अलाबामा २६.४ आणि वायोमिंग २६.१.

ही यादी पाहिली की पहिला तर्क सहज सुचतो : जिथे कायदा कडक तिथे मृत्यू कमी. तर्क चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कोणता कायदा, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. अमेरिकेत गेली चाळीस वर्षे सगळ्यात मोठा वाद झाला तो कपड्याआड पिस्तूल लपवून बाळगण्याच्या परवान्यावर. पिस्तूल विकत घेण्याच्या परवान्याकडे मात्र त्या मानाने फार कमी लोकांनी लक्ष दिले. माझ्या मते हे लक्ष चुकीच्या जागी गेले.

बाळगण्याच्या परवान्याची गोष्ट आधी संपवू. व्हरमाँटमध्ये असा परवाना कधीच नव्हता. रटलंड शहराने तो लावायचा प्रयत्न केला, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०३ साली तो नियम रद्द केला. अनेक राज्यांत मात्र परवाना लागायचा आणि तो देणे-न देणे अधिकाऱ्याच्या हाती असायचे. १९८७ साली फ्लोरिडाने अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना दिलाच पाहिजे असा कायदा केला आणि एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. पुढची पायरी परवानाच काढून टाकण्याची. अलास्काने ती २००३ साली गाठली, ॲरिझोनाने २०१० साली, टेक्ससने २०२१ साली, फ्लोरिडाने २०२३ साली. २०२४ च्या मार्चमध्ये दक्षिण कॅरोलिना आणि जुलैमध्ये लुइझियाना आल्यावर अशा राज्यांची संख्या २९ झाली. पन्नासपैकी एकोणतीस, म्हणजे निम्म्याहून अधिक.

आता या २९ राज्यांत मृत्यूचे प्रमाण एकसारखे जास्त आहे का? नाही. २०२१ मध्ये परवाना कधीच न मागणाऱ्या व्हरमाँटचे प्रमाण ११.९ होते आणि २०१७ पासून न मागणाऱ्या न्यू हॅम्पशरचे ८.३. उलट इलिनॉयमध्ये बंदूक नुसती घरात ठेवायलाही राज्याचे ओळखपत्र लागते आणि बाळगण्याच्या परवान्यासाठी १६ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. तिथले प्रमाण होते १६.१; टेक्ससच्या १५.६ पेक्षा किंचित जास्तच. बंदूकसमर्थक हे आकडे नेहमी पुढे करतात आणि ते खरे आहेत. मात्र शिकागो शहराने २०१७ साली गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुकांचा माग काढला, तेव्हा त्यांतल्या साठ टक्क्यांच्या आसपास बंदुका मुळात इलिनॉयबाहेर विकल्या गेल्या होत्या. एकट्या शेजारच्या इंडियानातून सुमारे २१ टक्के. राज्याची सीमा ओलांडताना गाडीची डिकी कुणी उघडून पाहत नाही.

आणखी एक आकडा बाळगण्याच्या वादात क्वचितच येतो. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या, २०,९५८ खून. म्हणजे शंभरातली चौपन्न माणसे स्वतःच्या हाताने गेली. २०२३ मध्ये खून कमी होऊन १७,९२७ वर आले, आत्महत्या २७,३०० झाल्या. वायोमिंगचे २६.१ हे प्रमाण टोळीयुद्धांतून आलेले नाही. त्यात बहुतांश आत्महत्याच आहेत. रात्री दोन वाजता कपाटातले पिस्तूल काढणाऱ्या माणसाला रस्त्यावर ते बाळगायचा परवाना आहे की नाही, याने काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो पिस्तूल घरात आले कसे आणि किती सहज, याने.

बाळगण्याच्या कायद्याचा खुनांशी आणि इतर हिंसक गुन्ह्यांशी संबंध मात्र आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट यांनी १९९८ च्या पुस्तकात बंदुका वाढल्या की गुन्हे घटतात असे मांडले. राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००४ साली पुरावे तपासून कोणताच निष्कर्ष काढता येत नाही असे सांगितले. पुढे स्टॅनफर्डचे जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवले, की बाळगणे सोपे केलेल्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्के जास्त असतात. आज पुराव्याचे पारडे याच बाजूला झुकलेले आहे.

आता खरेदीचा परवाना. देशभर लागू असलेला केंद्रीय नियम एवढाच, की परवानाधारक दुकानदाराने गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी. खाजगी विक्रीला तो लागू नाही. काही राज्ये याआधी आणखी एक पायरी ठेवतात : माणसाने पोलीस किंवा शेरीफच्या कचेरीत समक्ष जावे, अर्ज करावा, अनेक ठिकाणी बोटांचे ठसे द्यावेत, कुठे प्रशिक्षणाचा दाखला द्यावा आणि मगच पिस्तूल घ्यावे. कनेक्टिकटने हे १९९५ साली लागू केले. मिझुरीत १९२१ पासून होते. २००७ साली काढून टाकले. एका राज्याने पायरी बांधली, दुसऱ्याने पाडली. तुलनेसाठी याहून चांगली जोडी मिळणे कठीण. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांच्या अभ्यासानुसार कनेक्टिकटमध्ये बंदुकीचे खून अपेक्षेपेक्षा २८ टक्के आणि बंदुकीने आत्महत्या ३३ टक्के कमी झाल्या. मिझुरीत खून ४७ टक्के आणि आत्महत्या २४ टक्के वाढल्या.

या टक्केवारीला सूक्ष्म अचूकता चिकटवू नये. त्याच विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात कनेक्टिकटमधली खुनांतली घट ४० टक्के निघाली होती. शिवाय मॅसॅच्युसेट्स किंवा हवाईत बंदूक असलेली घरे सातांत एक, तर वायोमिंग, मोंटानात तिनांत दोन; हा फरक कायद्यातून आला की कायदा या फरकातून, हे वेगळे काढणे अवघड. तरी दिशा दोन्ही राज्यांत आणि दोन्ही प्रकारच्या मृत्यूंत एकच आहे, आणि ती मला बोलकी वाटते. ठसे द्यायला जावे लागले, की दुसऱ्यासाठी आपल्या नावावर पिस्तूल घेणारा कचरतो. जीव नकोसा झालेल्या माणसाला थोडे दिवस मिळतात. आत्महत्येचा आवेग अनेकदा तेवढ्यात ओसरतो, म्हणून हे दिवस मोलाचे.

२०२२ च्या जूनमधला सर्वोच्च न्यायालयाचा ब्रूएन निकाल बाळगणे आणि खरेदी यांतला हा फरक ध्यानात ठेवून वाचला पाहिजे. न्यूयॉर्कच्या १९११ च्या कायद्यातली, बाळगण्याच्या परवान्यासाठी ‘योग्य कारण दाखवा’ ही अट सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द झाली आणि तिच्यासोबत सहा राज्यांतला अधिकाऱ्याचा मर्जीचा अधिकार गेला. परवाना मात्र गेला नाही. न्यूयॉर्कने लगेच १६ तास वर्ग आणि २ तास प्रत्यक्ष गोळीबार असे प्रशिक्षण सक्तीचे केले.

न्यू जर्सीत वा टेक्ससमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे फरक जाणवतात. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ ठेवायला सहसा मनाईच आहे. शिकारीचा परवाना हा मुख्य अपवाद. ग्रीन कार्डधारकाला ती घेता येते, पण राज्य बदलले की नियम बदलतो. २०१३ साली फिलाडेल्फियाची एक महिला पेनसिल्व्हेनियाचा वैध परवाना आणि पिस्तूल घेऊन नदीपलीकडे न्यू जर्सीत गेली. गाडी अडवल्यावर तिने ते स्वतःहून सांगितले. साडेतीन वर्षांच्या किमान शिक्षेची टांगती तलवार तिच्यावर राहिली. २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी तिला माफी दिली.

पुढची तुलना आता आकार घेते आहे. उत्तर कॅरोलिनाने १९१९ पासूनचा पिस्तूल खरेदीचा परवाना २०२३ च्या मार्चमध्ये, गव्हर्नरचा नकाराधिकार ओलांडून, रद्द केला. वॉशिंग्टन राज्याने २०२५ साली नेमका उलटा कायदा केला. तिथे १ मे २०२७ पासून बंदूक घेण्याआधी परवाना काढावा लागेल.