बापूकुटीतलं फर्निचर

कामठीहून नागपूर ओलांडून वर्ध्याच्या वाटेला लागलं की सेवाग्राम गाठता येतं. मोजकं, नैसर्गिक साहित्याचं फर्निचर करायचं किंवा घ्यायचं असेल, तर शोरूमच्या आधी तिथली गांधीजींची बापूकुटी बघावी.

गांधीजी 1936 साली शेगावात राहायला आले. त्याच गावाचं सेवाग्राम हे नाव 1940चं. कुटी मूळची त्यांच्या शिष्या मीराबेनची. माती, बांबू, लाकूड आणि वर कवेलू, म्हणजे विदर्भातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात असायचं तेच साहित्य. बसायला चटई, पाठीला टेकू, लिहायला बुटकं मेज. सारवलेली जमीनच बैठक झाली, म्हणून खुर्ची लागली नाही. फर्निचरचं निम्मं काम इथे घरानेच अंगावर घेतलं आहे, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. भपकेबाज हॉलमध्ये एकच महागडं बाक ठेवून हा साधेपणा येत नाही.

1978च्या जानेवारीत विचारवंत इव्हान इलिच या कुटीत बसले. माणूस जन्मभर फर्निचर जमवत राहतो, पण त्यातून आतलं बळ मिळत नाही, असं त्यांनी तेव्हा सेवाग्राममधल्या भाषणात मांडलं. त्याआधी जवळच वर्ध्यात गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी साधेपणाचा हाच धागा अर्थशास्त्रात नेला होता: खाणीतून एकदा काढलं की संपणाऱ्या मालापेक्षा पुन्हा उगवणाऱ्या मालावर गरजा भागवाव्यात.

बांबू हा असाच पुन्हा उगवणारा माल, पण त्याची नीट तयारी करावी लागते. कोवळा बांबू नको, तीन वर्षांच्या पुढचा हवा. तोड पावसाळा सरल्यावर करायची, कारण तेव्हा त्यात पिष्ट कमी असतं, आणि पिष्टावरच भुंगा जगतो. नंतर बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवायचा. मेळघाटात लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्राने आदिवासी कारागिरांच्या हातांतून ही कला उभी केली आहे.

दुसरा चांगला माल म्हणजे पाडलेल्या घरांचं सागवान. वर्षानुवर्षं वाळलेलं असल्याने ते सहसा वाकत नाही. मात्र रंधा लावण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधावेत, नाहीतर पातं गेलंच. अशा एका फळीत बुटकं मेज सहज होतं. वर चकचकीत पॉलिश कशाला? विदर्भात जवस पिकतो, त्याच्या तेलाचा पातळ हात पुरे. कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं, तेवढा धीर धरावा. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.