घरापर्यंतचे फायबर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरापर्यंत फायबर पोहोचणे म्हणजे दूरसंचार केंद्रापासून ग्राहकाच्या घरातल्या यंत्रापर्यंतचा सगळा मार्ग काचेच्या तंतूचा असणे. या मार्गात कुठेही तांब्याची तार नसते, की रेडिओ लहरींचा टप्पा नसतो. तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे केसाहून थोडी जास्त. त्याचा गाभा अवघा ९ मायक्रॉनचा, आणि माहिती वाहून नेणारा प्रकाश त्या गाभ्यातून धावतो. महाराष्ट्रात मोठ्या शहरांतल्या अनेक वस्त्यांमध्ये अशी जोडणी आज सहज मिळते. शहराच्या कडेच्या वसाहती, लहान गावे आणि वाड्यावस्त्या मात्र अजून वाट पाहत आहेत. ही वाट पाहणे लांबते तेव्हा त्याचे खरे कारण बऱ्याचदा लोकांसमोर येत नाही आणि तक्रार भलत्याच दारी जाते. म्हणून प्रचलित गैरसमज एकेक करून तपासणे गरजेचे आहे.

गैरसमज १ : गावात केबल टाकली, म्हणजे घरोघरी इंटरनेट येणार.

वस्तुस्थिती : गावावरून मुख्य जलवाहिनी गेली म्हणून घरातल्या नळाला पाणी येत नाही, फायबरचेही तसेच आहे. रस्त्याकडेला पुरलेली जाड केबल बहुधा दोन शहरांना, दोन केंद्रांना किंवा मोबाइल टॉवरना जोडणारी असते. तिच्यातून घरांसाठी वेगळी शाखा काढावी लागते. ती शाखा वस्तीतल्या खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या डब्यापर्यंत येते आणि तिथून प्रत्येक घरासाठी स्वतंत्र बारीक केबल ओढली जाते. यांतला एक टप्पा जरी राहिला, तरी घर कोरडेच राहते.

सरकारी योजनेबाबतही हीच गल्लत होते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. २०१५ पासून ते ‘भारतनेट’ म्हणून ओळखले जाते. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य सरकारच्या महाआयटी या कंपनीने ‘महानेट’ नावाने हाती घेतले. या योजनेचे मूळ उद्दिष्ट ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचे होते, घराघरांत फुकट इंटरनेट देण्याचे नव्हे. कोकणात किंवा सह्याद्रीच्या पट्ट्यात एका ग्रामपंचायतीत दूरदूर पसरलेल्या कितीतरी वाड्या असतात. पंचायत कार्यालयात फायबर आले, तरी वाडीतल्या घराचे अंतर तेवढेच उरते. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेटला मंजुरी दिली. ग्रामीण भागात दीड कोटी घरगुती फायबर जोडण्या देण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले गेले. म्हणजे घरापर्यंतचा टप्पा या सुधारित योजनेत ठळकपणे आला.

गैरसमज २ : नावात ‘फायबर’ आहे, म्हणजे जोडणी फायबरचीच आहे.

वस्तुस्थिती : तसे नेहमीच नसते. अनेक इमारतींत फायबर तळमजल्यावरच्या किंवा गच्चीवरच्या पेटीपर्यंतच येते आणि पुढे घरापर्यंत तांब्याची लॅन केबल असते. २०२३ मध्ये बाजारात आलेल्या ‘एअरफायबर’ सेवांमध्ये तर घराबाहेर बसवलेला अँटेना टॉवरकडून ५जी लहरी घेतो. घरापर्यंत तंतू येतच नाही. दोन्ही सेवा उपयोगाच्या आहेत, पण त्यांना पूर्ण फायबर म्हणता येणार नाही.

खरी फायबर जोडणी ओळखणे सोपे आहे. घरातल्या यंत्राला, म्हणजे ओएनटीला, मागून एक बारीक केबल जोडलेली असते. तिच्या टोकाचा प्लग बहुधा चौकोनी आणि हिरवा असतो. यंत्रावर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ अशा अर्थाचे दोन दिवे असतात. पॉनचा हिरवा दिवा स्थिर असेल, तर केंद्राशी संपर्क ठीक आहे. लॉसचा दिवा लाल झाला, तर प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही.

‘ब्रॉडबँड’ हा शब्दही मोठ्या वेगाची हमी देत नाही. भारतात ब्रॉडबँडची किमान मर्यादा आधी ५१२ केबीपीएस होती. जानेवारी २०२३ मध्ये ती २ एमबीपीएस करण्यात आली.

गैरसमज ३ : उशीर होतो तो फक्त कंपनीच्या दिरंगाईमुळे.

वस्तुस्थिती : दिरंगाई होतेच, पण मोठा वेळ परवानग्यांत जातो. एकाच मार्गावर नगरपालिकेचा रस्ता, सार्वजनिक बांधकाम विभागाचा रस्ता, राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे फाटक आणि वनजमीन येऊ शकते. प्रत्येकाची परवानगी आणि शुल्क वेगळे. मोठ्या शहरांत पावसाळ्यात रस्तेखोदाई सहसा बंद ठेवली जाते, म्हणजे कामाचे महिने आणखी कमी होतात. हा गुंता सोडवण्यासाठी २०१६ मध्ये मार्गाधिकाराचे नियम आले आणि अर्जांवर निर्णयाची मुदत ठरली. २०२१ च्या दुरुस्तीने खांबांवरून नेलेल्या केबलसाठी एकदाच घ्यायची भरपाई किलोमीटरला जास्तीत जास्त १,००० रुपये ठरवली. नव्या दूरसंचार कायद्याखालचे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले.

शहरात शेवटचा अडसर अनेकदा गृहनिर्माण सोसायटीच असते. जिन्यातून केबल न्यायला, पेटी बसवायला कार्यकारिणीची संमती लागते. एकाच कंपनीला प्रवेश देऊन बाकीच्यांना अडवले, की रहिवाशांचा पर्यायही जातो आणि दरातली स्पर्धाही.

गैरसमज ४ : शेजाऱ्याकडे फायबर आहे, मग आपल्याला आज अर्ज केला की उद्या मिळेल.

वस्तुस्थिती : शेजारी जोडणी असणे ही चांगली खूण आहे, हमी नव्हे. केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेत ‘स्प्लिटर’मध्ये विभागला जातो आणि साधारण ३२ किंवा ६४ घरांना पुरतो. स्प्लिटरला वीज लागत नाही. तो फक्त प्रकाश वाटतो. डब्यातली सगळी तोंडे भरली असतील, तर नवा स्प्लिटर किंवा नवा तंतू आल्याशिवाय पुढची जोडणी देता येत नाही.

प्रकाश वाटला की क्षीणही होतो. ३२ घरांत विभागताना सुमारे १७ डेसिबल शक्ती जाते. त्यात अंतर, जोड आणि वळणे यांची घट मिळवावी लागते. म्हणून कारागीर जोडणी देताना तंतूवरचे आवरण सोलतो, काच अल्कोहोलने पुसतो, टोक अचूक काटकोनात कापतो आणि यंत्रातल्या विद्युत ठिणगीने दोन टोके वितळवून एक करतो. मग पॉवर मीटरने घरात पोहोचलेला प्रकाश मोजतो. हा आकडा उणे २० डीबीएमच्या आसपास असेल, तर जोडणी निश्चिंत चालते. उणे २७ च्या खाली गेला, तर ती तुटत राहते. जोडणी घेताना हा आकडा विचारून लिहून ठेवावा. पुढे बिघाड झाला, तर त्याच्याशी तुलना करता येते.

गैरसमज ५ : फायबर आले की वेगाचा प्रश्नच मिटला.

वस्तुस्थिती : काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो, म्हणजे ८०० किलोमीटर अंतर तो ४ मिलिसेकंदांत कापतो. पण एका सेकंदात किती माहिती मिळणार, हे जाळ्याच्या क्षमतेवर आणि घेतलेल्या योजनेवर ठरते. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत एका तंतूवर येणाऱ्या माहितीसाठी सुमारे २.५ जीबीपीएस आणि जाणाऱ्या माहितीसाठी सुमारे १.२५ जीबीपीएस क्षमता असते, आणि ती त्या तंतूवरच्या सगळ्या घरांत वाटली जाते. तक्रारी बऱ्याचदा घरातल्या वायफायच्या असतात. राऊटर लोखंडी कपाटामागे किंवा कोपऱ्यातल्या खोलीत ठेवला, की जाड भिंतींपलीकडे वेग घसरतो. आधी संगणक लॅन केबलने थेट जोडून वेग मोजावा. मगच दोष बाहेरचा की घरातला, हे कळते.

गैरसमज ६ : फायबरला विजेची, पावसाची किंवा तुटण्याची भीती नाही.

वस्तुस्थिती : केंद्र आणि घर यांच्यामधल्या मार्गाला वीज लागत नाही हे खरे, पण दोन्ही टोकांच्या यंत्रांना लागते. घरची वीज गेली की ओएनटी बंद पडते. छोटा यूपीएस लावला, तर ते काही तास चालते. ग्रामपंचायतीतल्या यंत्राला भारनियमनात बॅटरीचा आधार नसेल, तर त्यावर अवलंबून असलेली सगळी घरे एकदम बंद पडतात. काच वीज वाहून नेत नाही, त्यामुळे पडलेल्या विजेचा धक्का तांब्याच्या तारेइतका सहज आत येत नाही. तरी यंत्र विजेच्या प्लगमधून जळू शकते.

खरा शत्रू खोदकाम आहे. रस्ता रुंदीकरणात जेसीबीचा एक घाव पुरतो. जुन्या जाळ्यात अनेक ग्रामपंचायती एकामागोमाग एकाच रेषेत जोडलेल्या होत्या. मध्ये केबल तुटली की पुढची सगळी गावे अंधारात जात. म्हणून सुधारित भारतनेटमध्ये वर्तुळाकार रचना ठरवली गेली, जेणेकरून एक बाजू तुटली तरी दुसरीकडून संपर्क राहावा. खोदणाऱ्यांनी आधी केबलमालकांना कळवावे, यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू झाले. प्रत्येक ठेकेदाराने आणि ग्रामपंचायतीने ते वापरायला हवे.

गैरसमज ७ : ५जी आले, आता फायबरची गरज उरली नाही.

वस्तुस्थिती : ५जी टॉवरला स्वतःला भरपूर क्षमतेची जोडणी लागते, आणि ती उत्तम प्रकारे फायबरच देते. टॉवरची क्षमता परिसरातल्या सगळ्यांत वाटली जाते. संध्याकाळी वापर वाढला की प्रत्येकाचा वाटा घटतो. फायबर येईपर्यंत ५जी किंवा एअरफायबर घ्यायला हरकत नाही. पण ज्या घरात एकाच वेळी ऑनलाइन वर्ग, कार्यालयाचे काम आणि चित्रपट चालतात, तिथे फायबरची सर त्याला येत नाही.

वाट पाहणाऱ्या कुटुंबाने कंपनीला चार गोष्टी विचाराव्यात : सर्वांत जवळचा डबा कुठे आहे, त्यात तोंड रिकामे आहे का, कोणती परवानगी अडली आहे आणि घरापर्यंत तंतूच येणार की शेवटचा टप्पा दुसरा असणार. उत्तर मिळाले की पाठपुरावा योग्य दारी करता येतो, मग ते दार नगरपालिकेचे असो, सोसायटीचे किंवा कंपनीचे. खेड्यांसाठी तर आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सुधारित भारतनेटमध्ये ग्रामपंचायतीबाहेरच्या गावांना मागणीनुसार जोडणी देण्याची तरतूद आहे. म्हणून वाडीवस्तीने एकत्र येऊन ग्रामसभेत ठराव करावा आणि लेखी मागणी नोंदवावी.