मोकळ्या हवेचा अधिकार

सांगली जिल्ह्यातील कडेगाव हे तालुक्याचे गाव मोहरमच्या गगनचुंबी ताबुतांमुळे सर्व महाराष्ट्राला परिचित आहे. वेळूंनी बांधलेले आणि रंगीत कागदांनी मढवलेले हे उत्तुंग ताबूत हिंदू आणि मुसलमान या दोन्ही समाजांच्या खांद्यांवरून एकमेकांच्या भेटीस आणले जातात, आणि ती भेट डोळ्यांत साठवण्यासाठी पंचक्रोशीतील माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात. २०२० साली ऑगस्टअखेर मोहरम आला तेव्हा कोरोनाच्या साथीमुळे मिरवणुकांना मनाई होती, आणि ज्या गावाचा सर्वांत मोठा सोहळा म्हणजे भेट, त्या गावाला एकमेकांपासून अंतर राखून राहणे भाग पडले. त्या वियोगाविषयी पुष्कळ बोलले गेले. परंतु सण वर्षातून एकदाच येतो, आणि पहाटे उठून गावाबाहेर दोन-तीन मैल चालून येणे, माळावर धावणे, तालमीत घाम गाळणे ही रोजची गोष्ट असते. त्या रोजच्या गोष्टीवर साथीने जो ताण आणला, त्याची दखल मात्र फारशी कोणी घेतली नाही. तो ताण कोठून आला आणि त्यातला किती अटळ होता, याचा विचार आता शांतपणे करणे अवश्य आहे.

घटनाक्रम प्रथम आठवला पाहिजे. १३ मार्च २०२० रोजी राज्य शासनाने १८९७ चा साथरोग कायदा अमलात आणला, २२ तारखेस जनता संचारबंदी झाली आणि २५ पासून सर्व देशात टाळेबंदी सुरू झाली. त्याच सुमारास जिल्ह्यातील इस्लामपूर शहरात पंचवीसच्या आसपास रुग्ण आढळले, आणि दूरच्या देशांतील वाटणारे संकट एकाएकी तासाभराच्या वाटेवर येऊन ठेपले. रस्त्यांवर बंदोबस्त बसला, गावोगावी वेशीवर काठ्या आडव्या पडल्या, आणि विनाकारण घराबाहेर पडणारावर फौजदारी कारवाई होईल असे ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाऊ लागले. आता, भाजी किंवा औषध आणणे हे कारण; शेताला पाणी पाजणे हेही कारण; पण केवळ चालण्यासाठी चालणे हे कारण की विनाकारण? या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर पहिले दोन महिने कोणत्याही कचेरीत मिळत नव्हते, आणि राज्यातील काही शहरांत तर पहाटे फिरावयास निघालेल्यांना पोलिसांनी भर रस्त्यात कवायत करावयास लावल्याच्या वार्ता वृत्तपत्रांत येत होत्या.

पुढे ३१ मेच्या हुकुमाने शासनाने ३ जूनपासून मोठ्या शहरांतील प्रतिबंधित क्षेत्रांबाहेर चालणे, धावणे आणि सायकल चालवणे यांना पहाटे ५ ते सायंकाळी ७ या वेळेत मुभा दिली. समूहाने व्यायाम करू नये, जवळपासच्याच जागी जावे आणि मुलांसोबत वडीलधारे असावे, अशा अटी तीत होत्या, आणि सायकलीने अंतर आपोआप राखले जाते म्हणून तिचा पुरस्कारही होता. मुभा मिळताच मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर इतकी गर्दी लोटली की, सवलती जीवघेण्या ठरू लागल्यास पुन्हा टाळेबंदी करावी लागेल, असा इशारा मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना द्यावा लागला. त्या गर्दीला बेशिस्त म्हणणे सोपे होते. परंतु महिनोन्‌महिने खोलीत कोंडलेल्या लक्षावधी माणसांना एकाच वेळी सुटका देऊन त्यांच्यापुढे समुद्रकाठचा तोच एक अरुंद पट्टा ठेवला, तर दुसरे काय घडणार होते?

कडेगावसारख्या गावी समुद्रकाठ नाही आणि शहरातल्यासारखी विस्तीर्ण उद्यानेही नाहीत. फिरावयाचे म्हणजे कराड-विटा रस्त्याच्या कडेने किंवा शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटेने. उसाच्या दोन फडांमधून जाणाऱ्या अशा वाटेवर समोरून माणूस आला की सहा फुटांचे अंतर राखावयाला जागाच उरत नाही. एकाने बांधावर चढावे किंवा माघारी वळावे. शिवाय येथे प्रत्येक माणूस ओळखीचा. रामराम घातल्यावाचून पुढे जाणे हा आपल्याकडे उद्धटपणा समजला जातो, आणि वडीलधाऱ्या माणसाने "काय, फिरायला का?" म्हणून विचारले असता थांबून चार शब्द बोलणे हा रिवाज आहे. त्या दोन वर्षांत "जरा लांबनंच बोला, तात्या" असे म्हणण्याची पाळी जिच्यावर येत होती, त्या पुतण्याच्या वयाच्या व्यक्तीला ते शब्द उच्चारताना केवढा संकोच होत असेल, हे ग्रामीण जीवनाची ओळख असणाऱ्यास सांगावयास नको.

व्यायामाने मन हलके होते, कारण चालण्याची आणि श्वासाची लय जुळली की चित्ताला काही काळ कशाचीही राखण करावी लागत नाही. विचार आपोआप वाहू लागतात आणि दिवसभराचा शीण उतरतो. अंतर राखून केलेल्या व्यायामात नेमकी हीच विश्रांती हिरावली गेली. डोळे सतत पुढच्या माणसावर, कान मागून येणाऱ्या पावलांवर, हात नाकावरून घसरणाऱ्या मुखपट्टीवर, आणि मनात एकच हिशेब की तो किती जवळ येईल, तो खोकला तर काय, आणि आपणच घरी आजार नेला तर अंथरुणावरच्या आईचे काय होईल. अशा रीतीने शरीर विश्रांतीकडे ओढत असता मन पहाऱ्यावर उभे राहिले. पुष्कळांनी याच कारणाने फिरणे सोडून दिले, आणि ज्या मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांना चालण्याची सर्वाधिक गरज होती, तेच भयाने सर्वांत आधी घरात बसले. घरातील स्त्रियांची स्थिती तर त्याहून बिकट झाली; सगळे कुटुंब अहोरात्र घरी असल्याने त्यांचे काम दुपटीने वाढले, आणि सकाळ-संध्याकाळ शेजारणींबरोबर जो एक फेरफटका होई, तोही बंद पडला.

हे भय शास्त्राच्या कसोटीवर कितपत उतरत होते? सुरक्षित अंतराच्या कल्पनेला विसाव्या शतकातील संशोधनाचा आधार आहे. १९३४ साली अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम वेल्स यांनी दाखवले की खोकताना उडणारे मोठे थेंब लवकर जमिनीवर पडतात आणि सूक्ष्म थेंब वाळून हवेत तरंगत राहतात. सहा फुटांचा नियम हा प्रामुख्याने मोठ्या थेंबांचा नियम होय. परंतु स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला सुमारे ६ ते ८ लिटर हवा घेतो, आणि जोराने धावताना हेच प्रमाण १०० लिटरच्या घरात जाऊ शकते. तेव्हा धावणाऱ्याचा श्वास अधिक घातक असणार, अशी शंका येणे स्वाभाविक होते. एप्रिल २०२० मध्ये बर्ट ब्लॉकेन या वायुगतिशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय आकृत्यांच्या साहाय्याने असे सुचवले की एकामागोमाग चालताना चार-पाच मीटर, धावताना दहा मीटर आणि वेगाने सायकल चालवताना वीस मीटर अंतर असावे. तज्ज्ञांकडून तपासणी होण्यापूर्वीच या आकृत्या जगभर पसरल्या. वस्तुतः तो अभ्यास थेंबांच्या प्रवासाचा होता. त्या थेंबांनी किती माणसे आजारी पडतात हे त्यात तपासलेले नव्हते. तथापि भयभीत मनाला हा भेद कोण समजावून सांगणार?

ज्यांनी प्रत्यक्ष रुग्णांचा माग काढला, त्यांच्या हाती निराळेच चित्र लागले. हुबेई प्रांत वगळून चीनमधील ७,३२४ रुग्णांच्या नोंदी तपासणाऱ्या संशोधकांना उघड्यावर संसर्ग झाल्याची केवळ एक घटना आढळली, आणि तीत दोनच रुग्ण होते. पुढे अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा एकंदर संसर्गापैकी १० टक्क्यांहूनही कमी संसर्ग उघड्यावर झाल्याचे, आणि बंदिस्त जागेतील धोका उघड्या जागेच्या जवळजवळ १९ पट असल्याचे अनुमान निघाले. कारण समजण्यास कठीण नाही: बंद खोलीत सूक्ष्म कण तासन्‌तास साचत जातात, तर उघड्यावर वारा त्यांना क्षणार्धात विरळ करून टाकतो. जोरदार व्यायाम करताना मुखपट्टी लावू नये, असेही जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये सांगितले होते. म्हणजे ज्या माळावर आपण भिऊन जात नव्हतो, तो माळ आपल्या माजघराहून अधिक निर्धोक होता, आणि भय मात्र आपण नेमके माळावर नेऊन ठेवले होते.

याची सर्वांत जबर किंमत या मुलखातील तरुणांनी मोजली. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील शेकडो खेड्यांत पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्याने धावणारी मुलेमुली दिसतात, ती हौसेखातर धावत नाहीत. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, लष्कराच्या मेळाव्यात मैलभराची धाव काही सेकंदांच्या फरकाने आयुष्य ठरवते, आणि कोरडवाहू दोन एकरांवर वाढलेल्या घराला ती नोकरी म्हणजे दोन पिढ्यांचा आधार असतो. एकीकडे संचारबंदी, दुसरीकडे भरती लांबणीवर, आणि तिसरीकडे उलटत चाललेली वयोमर्यादा, अशा तिहेरी पेचात ही मुले सापडली. लष्करभरती दोन वर्षे होऊ शकली नव्हती, हे मान्य करून जून २०२२ मध्ये केंद्र शासनाने त्या वर्षापुरती कमाल वयोमर्यादा २१ वरून २३ केली. पण तोपर्यंत कितीतरी जणांची उमेद खचून गेली असेल.

मल्लांचे दुःख याहून वेगळे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. कडेगावशेजारच्या कुंडलचे कुस्ती मैदान नामांकित. धावणारा अंतर राखू शकतो, परंतु कुस्ती ही अंगाला अंग भिडवण्याचीच विद्या असल्याने तिला कोणतीही सवलत पुरी पडत नव्हती. तालमी बंद झाल्या, जत्रा रद्द झाल्या, आणि जत्रांतील मैदानांच्या इनामावर ज्यांचा खुराक चाले, त्या मल्लांच्या घरी दूध-बदामाचा प्रश्न उभा राहिला. जानेवारी २०२० नंतरची महाराष्ट्र केसरी स्पर्धा साताऱ्यात भरली, ती थेट एप्रिल २०२२ मध्ये.

साथ आली असता काय करावे, हे या प्रदेशाला पूर्वी ठाऊक होते, ही यातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकटला आणि थोड्याच काळात त्याने दक्षिण महाराष्ट्र व्यापला. कडेगाव त्या काळी सातारा जिल्ह्यात मोडत होते, आणि १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्याचेच पुढे सांगली असे नामांतर झाले. प्लेगची चाहूल लागली की लोक घरांना कुलपे घालून रानात जात, आणि कुडाच्या झोपड्या अंतराअंतराने उभारून महिनोन्‌महिने उघड्यावर राहत. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत उंदरांवरील पिसवांचे कारण शोधून काढले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी कित्येक वर्षे लागली. परंतु रोग वस्तीत आणि घरात आहे, रानात नाही, हे आपल्या खेडुतांनी अनुभवाने त्याआधीच ताडले होते. साताऱ्याच्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनीही आपले प्लेगचे रुग्णालय उभारले ते पुण्याजवळ हडपसरला ससाण्यांच्या माळावर. त्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना प्लेग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रोगाच्या आणि आपल्या मधले अंतर त्यांनी सेवेपुढे गौण मानले, आणि त्या सेवेची जागा मात्र मोकळ्या हवेत होती.

व्यायामाच्या बाबतीतही असाच एक वारसा येथे आहे. कुंडलचा परिसर ज्या औंध संस्थानात होता, त्याचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन त्याचा देशविदेशांत प्रसार केला आणि आपल्या संस्थानातील शाळांमधून तो सक्तीचा केला. या व्यायामाला साधन लागत नाही, जोडीदार लागत नाही, आणि जागा लागते ती केवळ एका सतरंजीएवढी. अंगणात किंवा गच्चीवर तो निर्भयपणे करता येतो. टाळेबंदीच्या काळात शाळाशाळांतून, ग्रामपंचायतींतून याचा प्रसार झाला असता, तर रस्त्यावर जाण्यास धजत नसलेल्या कित्येकांना घरच्या अंगणातच आधार मिळाला असता. अर्थात चालणे आणि धावणे यांची जागा तो सर्वांशाने घेऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे, आणि बहुसंख्य माणसांना तो चालण्यानेच साधतो.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण ती येईल तेव्हा काय करावयाचे, हे आजच ठरवून ठेवता येईल. संचारबंदीच्या हुकुमातच व्यायामासाठी बाहेर पडण्याचा अधिकार, त्याची वेळ आणि मर्यादा पहिल्या दिवसापासून नि:संदिग्ध शब्दांत लिहिलेली असावी, म्हणजे नागरिकाला भय नको आणि नाक्यावरच्या शिपायाला संभ्रम नको. शाळा-महाविद्यालयांची मैदाने, बाजारतळ आणि गायराने टाळे न लावता पाळीपाळीने खुली करावीत; वृद्धांना आणि स्त्रियांना एक वेळ, भरतीच्या मुलांना दुसरी. वाटा एकेरी ठरवून दिल्या तर समोरासमोर येण्याचा प्रसंगच टळेल. भरतीच्या वयोमर्यादेत झालेल्या विलंबाइतकी सूट आपोआप मिळावी, आणि तालमी बंद ठेवणे भाग पडले तर मल्लांच्या खुराकाची तजवीज शासनाने त्याच हुकुमात करावी. ज्यांना कोंडून घेणे अपरिहार्य आहे, अशा रुग्णांना अवश्य कोंडावे; पण निरोगी माणसाला वाऱ्यापासून तोडून भिंतींच्या आत बसवणे हे आरोग्यरक्षण नव्हे. अंतर राखणे हा शेजाऱ्याविषयीचा आदर आहे, हे आपण एकदा पत्करले म्हणजे त्या अंतराला भीतीची जोड देण्याचे कारण उरत नाही, आणि मोकळ्या हवेत चालण्याचा साधा अधिकार भाकरी आणि औषध यांच्या जोडीने जपला गेला पाहिजे, असे आमचे निश्चित मत आहे.