रेडिओ दुर्बिणींचे कालमापन: अचूकता आणि खर्च यांचा मेळ

अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी परस्परांपासून दूर उभारलेल्या अनेक अँटेनांनी टिपल्या, तर त्या सर्व मिळून एका विशाल दुर्बिणीचे काम करतात. मात्र प्रत्येक अँटेनाकडे आलेली लहर नेमक्या कोणत्या क्षणी पोहोचली, हे त्यासाठी ठाऊक असावे लागते. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी ही अशीच दुर्बीण असून, ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. दोन अँटेनांचे संकेत एकमेकांशी ताडून त्यांच्या कलेतील फरक, म्हणजे एका लहरीचे शिखर दुसरीच्या किती पुढे वा मागे आहे, हे मोजले की त्यावरून स्रोताची जागा आणि रचना उलगडते. दोन्हीकडच्या घड्याळांचा मेळ बिघडला, तर हा फरक आकाशातून आला की यंत्रातून, हे ओळखता येत नाही.

हा मेळ किती काटेकोर असावा, हे निरीक्षणाच्या वारंवारतेवर ठरते. उदासीन हायड्रोजनचे उत्सर्जन १४२० मेगाहर्ट्झला होते आणि तेथे एक संपूर्ण आवर्तन अवघ्या ०.७ नॅनोसेकंदात पुरे होते. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, ज्यात प्रकाश जेमतेम ३० सेंटिमीटर जातो. या वारंवारतेला ०.१ नॅनोसेकंदाची चूक कलेत सुमारे ५१ अंशांचा दोष निर्माण करते. तीच चूक १५० मेगाहर्ट्झला जेमतेम साडेपाच अंशांची ठरते. म्हणून घड्याळ किती चांगले, यापेक्षा ते कोणत्या कामासाठी हवे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे आणि खर्चाचा हिशेबही त्याच्याच उत्तरावर मांडला पाहिजे.

कृष्णविवराची प्रतिमा मिळवणाऱ्या इव्हेंट होरायझन टेलिस्कोपमधील दुर्बिणी वेगवेगळ्या खंडांत असून त्या २३० गिगाहर्ट्झच्या आसपास निरीक्षण करतात. तेथे प्रत्येक ठिकाणी हायड्रोजन मेसर हे अतिशय स्थिर अणुघड्याळ ठेवावे लागते आणि त्याची किंमत कोटींच्या घरात जाते. याउलट, एखाद्या महाविद्यालयात एकाच लहान अँटेनाने आकाशगंगेतील हायड्रोजनचा वेग मोजायचा असेल, तर दहा लाखांत एक भाग इतकी चूक असलेला साधा स्फटिक आंदोलकही पुरतो, कारण त्यामुळे वेगाच्या मापनात सेकंदाला केवळ ०.३ किलोमीटरचा फरक पडतो आणि हायड्रोजनच्या ढगांचे वेग सेकंदाला दहा ते शेकडो किलोमीटर असतात.

या दोन टोकांच्या मध्ये जीपीएसवर चालणारी घड्याळे येतात. जीपीएसच्या उपग्रहांत अणुघड्याळे असतात आणि त्यांचे संकेत घेणारा ग्राहक दर सेकंदाला एक स्पंद देतो. हा स्पंद काही दशक नॅनोसेकंदांनी मागेपुढे होत असला, तरी दिवसांमागून दिवस गेले तरी तो खऱ्या वेळेपासून ढळत नाही. क्वार्ट्झ स्फटिकाचे वर्तन नेमके उलट असते: स्थिर तापमानाच्या छोट्या भट्टीत ठेवलेला स्फटिक काही सेकंदांच्या अवधीत अत्यंत एकसारखा चालतो, पण काही दिवसांत हळूहळू सरकतो. म्हणून स्फटिकाची तुलना उपग्रहाच्या स्पंदांशी दीर्घकाळ करून, त्याला दिला जाणारा विद्युतदाब किंचित बदलत राहिले की दोघांचे गुण एका उपकरणात येतात. ही उपकरणे काही हजार ते काही लाख रुपयांत मिळतात आणि नोंदींवर अचूक वेळ टाकण्यासाठी ती उत्तम असतात. तरीही अशी दोन स्वतंत्र घड्याळे परस्परांपासून २० नॅनोसेकंद दूर राहिली, तर १४२० मेगाहर्ट्झला तो फरक २८ आवर्तनांचा होतो; तेव्हा कलेची तुलना करायची असेल, तर केवळ त्यांच्या भरवशावर राहता येत नाही.

यावरचा सर्वांत काटकसरीचा मार्ग म्हणजे सर्व अँटेनांना एकच घड्याळ देणे. जीएमआरटीच्या सुधारित आवृत्तीत अँटेनांचे रेडिओ संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत आणले जातात आणि त्यांचे अंकीकरण, म्हणजे संकेताची ठरावीक क्षणांची मूल्ये अंकांत नोंदवणे, तेथेच होते. संगणकाला जोडायचे दोन स्वस्त रेडिओ ग्राहक एकाच स्फटिकावर चालवून लहान व्यतिकरणमापी, म्हणजे अनेक अँटेनांचे संकेत ताडणारी दुर्बीण, उभारणारे हौशी अभ्यासकही हेच तत्त्व वापरतात.

अंकीकरण अँटेनांपाशीच करायचे असेल, तर घड्याळाचा ठोका तेथवर न्यावा लागतो आणि तेथे फायबरचे तापमान आड येते, कारण एका किलोमीटरला दर अंश सेल्सिअसमागे सुमारे ४० पिकोसेकंदांचा, म्हणजे ०.०४ नॅनोसेकंदाचा, विलंब वाढतो. दहा किलोमीटर फायबर दहा अंशांनी तापली, तर चूक चार नॅनोसेकंदांवर जाते. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हाइट रॅबिट’ या पद्धतीत एकाच फायबरमधून प्रकाशाचे दोन रंग विरुद्ध दिशांनी पाठवून फेरीचा वेळ सतत मोजला जातो, दोन्ही रंगांच्या वेगातील आधीच मोजून ठेवलेला फरक वजा केला जातो आणि दूरचे घड्याळ नॅनोसेकंदाहून कमी चुकीत राखले जाते. दक्षिण आफ्रिकेतील कारू प्रदेशातल्या ‘हेरा’ दुर्बिणीत ही पद्धत वापरली जाते. ही दुर्बीण ५० ते २५० मेगाहर्ट्झमध्ये निरीक्षण करत असल्याने एवढी अचूकता तिच्या गरजेशी जुळते. या पद्धतीचा आराखडा सर्वांसाठी खुला असल्यामुळे कोणतीही संस्था तिची उपकरणे बनवू शकते आणि ही पद्धत परवडण्याचे हे एक मुख्य कारण आहे.

यानंतर उरणारी, हळूहळू बदलणारी चूक आकाशाच्याच मदतीने दूर होते: ३सी २८६ सारख्या परिचित, तेजस्वी स्रोताकडे अधूनमधून दुर्बीण वळवून प्रत्येक अँटेनाचा दोष गणिताने काढता येतो. या सोयीमुळे घड्याळाला कायम निर्दोष असावे लागत नाही, दोन तपासण्यांच्या दरम्यान स्थिर राहिले तरी पुरते. त्यामुळे आपली गरज आधी नीट मोजणाऱ्या संस्थेला घड्याळावरचा खर्च वाचवून तोच पैसा अधिक अँटेनांवर लावता येतो आणि रेडिओ खगोलशास्त्राचे दार मर्यादित निधीच्या विद्यापीठांनाही खुले होते.