अरेका पामचे बी वाळवू नका



शहरात घरांतून, कचेऱ्यांतून कुंडीत पिवळसर दांड्यांचा, पिसासारख्या पानांचा जो पाम दिसतो, त्याला रोपवाटिकावाले 'अरेका पाम' म्हणतात. नावावर जाऊ नका, ही आपली सुपारी नव्हे. झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे. गोडे पाणी आणि सावलीची सोय असेल तर थोड्या जागेत याची रोपे करून विकता येतात. मात्र बियाण्यावर पैसा घालण्याआधी एक गोष्ट समजून घ्या.

ज्वारीचे बी आपण कसे ठेवतो? कडक ऊन देतो, मग कणगीत भरतो. पामच्या बियाला तसे केले की ते मेलेच म्हणून समजा. बी वाळले की आतला अंकुरही वाळतो. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याने दिवाळीत आणलेले बी आठ दिवस गच्चीवर वाळवले, डब्यात ठेवले अन् उन्हाळ्यात पेरले. तीन महिने वाफ्याला पाणी घातले, एक कोंब दिसला नाही. बी विकणाऱ्याचा यात काही दोष नव्हता.

तेव्हा वाळके बी स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. बंगल्यांच्या, बागांच्या आवारात या पामची जुनी बेटे असतात, त्यांना फळे धरतात. मालकाला विचारून पिकलेली, पिवळी-नारिंगी फळे काढा. एक-दोन दिवस पाण्यात भिजवून, चोळून गर काढून टाका. गर राहिला की बुरशी येते. तरंगणारे बी फेकून द्या. उरलेले त्याच आठवड्यात लावा. अगदीच अडचण असेल तर ओलसर कोकोपीटमध्ये सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये मात्र नको, या बियाला गारठा सोसत नाही.

निम्मी वाळू, निम्मे कोकोपीट खोक्यात भरा. खोक्याला खाली भोके हवीत. बी जेमतेम झाकेल इतकेच खोल लावा, वर सावली करा आणि झारीने पाणी द्या. ओल हवी, चिखल नको. ताजे बी उबेत साधारण दीड-दोन महिन्यांत उगवू लागते. थंडीत जास्त दिवस घेते. सगळे एकदम उगवत नाही. महिन्याभरात काही दिसेना म्हणून उकरून बघाल, तर कोवळे मूळ तुटेल.

पहिले पान दुभंगलेले येते. एक-दोन पाने आली की रोप पिशवीत घ्या. बुडाशी चिकटलेले बी तोडू नका, रोप अजून त्याच्यावरच जगत असते. एका पिशवीत तीन-चार रोपे लावली तर बेट भरदार दिसते, आणि गिऱ्हाईक भरदार बेटच उचलते. उघड्या उन्हात पाने पिवळी पडतात, खारट पाण्याने टोके करपतात.

पहिल्या वर्षी पैसा हाती येईल असे धरू नका. दीड-दोन वर्षांची तयारी ठेवा, आणि पहिल्या खेपेला शे-दोनशे बियांवरच हात बसवा. विक्रीआधी काही आठवडे कुंड्या दाट सावलीत ठेवा, म्हणजे घरात गेल्यावर पाने गळणार नाहीत.