जुन्या नोंदवह्यांचे अंकीकरण : स्कॅनर कसा निवडावा?

कृषी संशोधन केंद्राच्या लहानशा अभिलेख कक्षात पत्रव्यवहाराच्या फायलींबरोबरच प्रकाश सापळ्यांच्या दैनंदिन नोंदवह्या, पर्जन्यमानाची पत्रके, प्रक्षेत्र पुस्तिका आणि छायाचित्रे साठलेली असतात. एखाद्या हंगामात खोडकिडीचे किती पतंग सापळ्यात आले, ही नोंद एकदा नष्ट झाली की ते निरीक्षण पुन्हा घेता येत नाही. बांधणीच्या खळीवर व कागदातील पिष्टावर जगणारी कसर, वाळवी आणि दमट हवेतील बुरशी या नोंदी हळूहळू संपवत असतात. त्यामुळे अंकीकरण लांबणीवर टाकणे इष्ट नाही. मात्र स्कॅनर खरेदी करण्यापूर्वी आपल्याकडील कागद तपासून त्यांची वर्गवारी करणे आवश्यक आहे.

कागदानुसार यंत्र

सुटी, एकसारख्या आकाराची व भक्कम पाने अधिक असल्यास कागद आपोआप आत ओढणारा, दोन्ही बाजू एकदम टिपणारा स्कॅनर वेळ वाचवतो. परंतु कसरीने खाल्लेली, ठिसूळ किंवा टाचणी राहिलेली पाने त्यात अडकून फाटतात. अशा पानांसाठी सपाट काचेचा स्कॅनरच सुरक्षित ठरतो.

सपाट स्कॅनरमध्ये संवेदकाचा प्रकार महत्त्वाचा असतो. 'सीआयएस' संवेदकाची यंत्रे पातळ व स्वस्त असतात. परंतु काचेला न टेकलेला भाग त्यांत अस्पष्ट उमटतो. 'सीसीडी' संवेदक काचेपासून थोडे वर उचललेले अक्षरही सुस्पष्ट टिपतो. जाड बांधणीच्या नोंदवह्या काचेवर दाबल्यास त्यांची शिवण उसवते. त्यांची संख्या मोठी असल्यास वरून छायाचित्र घेणारा ओव्हरहेड स्कॅनर अधिक योग्य होय.

आकारही मोजून पाहावा. ए-४ काचेची लांबी सुमारे ११.७ इंच असते, तर फुलस्केप कागद सुमारे १३ इंच लांब असतो. परिणामी पानाच्या तळाशी असलेली बेरीज किंवा स्वाक्षरी नेमकी बाहेर राहते.

विभेदन आणि रंग

छापील व टंकलिखित मजकुरास ३०० डीपीआय, पुसट पेन्सिलीच्या वा बारीक अक्षरास ४०० आणि छायाचित्रांस ६०० डीपीआय सामान्यतः पुरेसे असते. माहितीपत्रकातील 'ऑप्टिकल' विभेदनच ग्राह्य धरावे. त्यापुढील मोठे आकडे गणिताने वाढवलेले असतात आणि त्यांतून नवा तपशील मिळत नाही. पारदर्शिका असल्यास त्यांसाठी स्वतंत्र प्रकाशव्यवस्था असलेले यंत्र लागते.

जुन्या नोंदवह्या रंगीतच स्कॅन कराव्यात. माशीच्या विष्ठेचा तपकिरी ठिपका कृष्णधवल प्रतिमेत दशांशचिन्हासारखा दिसतो आणि २५ मिलिमीटर पाऊस २.५ मिलिमीटर वाचला जाऊ शकतो. रंगीत प्रतिमेत शाई व डाग यांतील भेद स्पष्ट कळतो. लाल शाईतील दुरुस्त्याही ओळखू येतात.

साठवण

३०० डीपीआयचे एक रंगीत ए-४ पान असंपीडित स्वरूपात सुमारे २६ मेगाबाइट जागा घेते. ६०० डीपीआयला हीच जागा चौपट होते. मूळ प्रतिमा टिफ स्वरूपात आणि दैनंदिन वापराची प्रत पीडीएफमध्ये ठेवावी. दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक अन्य इमारतीत, अशा प्रती असाव्यात. फाइलच्या नावात केंद्र, नोंदवहीचा प्रकार, वर्ष व पृष्ठक्रमांक यांचा उल्लेख असावा. अन्यथा हजारो प्रतिमांतून हवे ते पान शोधणे अशक्य होते.

खरेदीपूर्वी चाचणी

विक्रेत्याच्या स्वच्छ नमुना कागदावर विसंबू नये. आपल्या संग्रहातील सर्वांत खराब पान, पेन्सिलीने लिहिलेले पान आणि सर्वांत जाड नोंदवही यांवर प्रात्यक्षिक घ्यावे. प्रतिमा पडद्यावर पूर्ण आकारात उघडून बांधणीलगतचे आकडे वाचता येतात का, हे पाहावे. कार्यालयातील संगणकप्रणालीशी सुसंगतता, सुटे भाग आणि देखभाल सेवा यांचीही खात्री करून घ्यावी.

स्कॅनिंग पूर्ण झाले तरी मूळ नोंदवह्या टाकून देऊ नयेत. त्या कोरड्या, हवेशीर जागी जपून ठेवाव्यात. प्रतिमेबाबत शंका निर्माण झाल्यास अंतिम पुरावा मूळ कागदच असतो.